साथ कुणाची मोजली जाते?



कोरोनानंतर भविष्यातल्या साथींच्या गोष्टींना मोठा बाजार आला आहे. चित्रपट, वेब मालिका, कादंबऱ्या, सगळीकडे तेच. कुठल्यातरी जंगलातून नाहीतर प्रयोगशाळेतून एक अनोळखी परजीवी बाहेर पडतो. तो माणसाच्या अंगात शिरतो, वर्षानुवर्षे गुपचूप राहतो, पिल्ले घालतो आणि एक दिवस त्या माणसाचे शरीर ओळखू येणार नाही असे करून टाकतो. मग शहर ओस पडते, सरकार हादरते, एखादा हुशार शास्त्रज्ञ औषध शोधतो आणि जग वाचते.

आम्हाला या गोष्टी पाहून एकच प्रश्न पडतो. हे सगळे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत कित्येक वर्षांपासून घडत आहे, त्याला साथ का म्हणत नाहीत? इथे परजीवी आहे, तो माणसाच्या अंगात वर्षानुवर्षे राहतो, पाय हत्तीसारखा करतो. त्याचे औषधही केव्हाच सापडले आहे. फक्त हादरणारे सरकार तेवढे नाही. कारण हा आजार ज्यांना सर्वाधिक गाठतो त्यांच्यासाठी हादरण्याची या व्यवस्थेला सवय नाही.

आम्ही हत्तीरोगाबद्दल बोलत आहोत. महाराष्ट्रातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या सरकारी यादीत मराठवाड्यातील नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव यांची नावे आहेत. शेजारी सोलापूर आणि यवतमाळ आहेत. सीमेपलीकडे तेलंगणातला निजामाबाद आणि कर्नाटकातले बिदर, कलबुर्गी हेही याच आजाराचे जुने जिल्हे. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीरच्या माणसाचा रोजचा व्यवहार या सीमेच्या आरपार चालतो, आणि माणसासोबत त्याच्या रक्तातला जंतही चालतो.

आजार काय आहे?

आधी आजार समजून घेऊ, कारण या आजाराबद्दलचे अज्ञानही व्यवस्थेच्या सोयीचे आहे. हत्तीरोग एका धाग्यासारख्या जंतामुळे होतो. हा जंत माणसाच्या लसीकावाहिन्यांमध्ये राहतो आणि पाच ते आठ वर्षे जगतो. त्याची मादी लाखोंनी सूक्ष्म पिल्ले सोडते. ही पिल्ले दिवसा शरीरात खोल दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच हत्तीरोगाची रक्त तपासणी रात्री करावी लागते आणि म्हणूनच या खात्यात रात्र चिकित्सालये असतात.

क्युलेक्स हा घाण पाण्यातला डास. तुंबलेली नाली, उघडे गटार, शौचालयाची फुटकी टाकी, जाळी नसलेला व्हेंट पाईप, सांडपाण्याचे डबके, ही त्याची घरे. दुसरी गोष्ट अशी की, या डासाच्या एखाददुसऱ्या चाव्याने हत्तीरोग होत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे, वारंवार चावे बसावे लागतात. म्हणजे जो माणूस रोज रात्री नालीच्या कडेला, जाळीशिवाय, मच्छरदाणीशिवाय झोपतो त्याला हा आजार गाठतो. लागण बहुधा लहानपणी होते आणि सूज दिसते ती ऐन कमावत्या वयात. बाईच्या पायावर, हातावर, कधी स्तनावर सूज येते. पुरुषाला पायावर किंवा अंडवृद्धीच्या रूपाने. तो ती लुंगीआड लपवतो, लाजेने डॉक्टरकडे जात नाही आणि कामावरून मात्र हळूहळू बाहेर फेकला जातो.

हा आजार शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही. तरीही हत्तीपाय झालेल्या बाईला लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसवतात, तिच्या मुलीचे स्थळ मोडते. अस्पृश्यता काय असते हे ज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही, त्यांनी तरी या दुसऱ्या अस्पृश्यतेकडे काणाडोळा करू नये.

तारखेवर तारीख

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला १९५५ साली. बाबासाहेब तेव्हा हयात होते. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले की २०१५ पर्यंत हत्तीरोग संपवू. २०१५ गेले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने त्याच वर्षाचे लक्ष्य ठेवले. तेही गेले. आता २०२७ ही तारीख दिली आहे, आणि जगाचे लक्ष्य २०३० आहे म्हणून आपण जगाच्या तीन वर्षे पुढे आहोत, असे अभिमानाने सांगितले जाते. १९५५ ते २०२७ म्हणजे ७२ वर्षे होतात. दरम्यान श्रीलंका आणि मालदीव २०१६ साली या आजारातून मोकळे झाले, थायलंड २०१७ साली झाला, आणि ज्या बांगलादेशाच्या नावाने आपल्याकडे उठता-बसता नाके मुरडली जातात तोही २०२३ साली मोकळा झाला. हे देश आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत म्हणून हे झाले, असे निदान बांगलादेशाबद्दल तरी कोणी म्हणू शकणार नाही.

आता साथ म्हणजे काय ते पाहू. १८९६ साली मुंबईत आणि पुढे पुण्यात प्लेग आला तेव्हा इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. व्यापार बुडत होता, बंदर बंद पडत होते, म्हणून काही महिन्यांत कायदा झाला. हाच कायदा सव्वाशे वर्षांनंतर कोरोनात पुन्हा वापरला गेला. त्या प्लेगमध्ये सरकारी सोजिरांनी घरांत शिरून दहशत माजवली, आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीमाई पुण्याजवळ आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण पोचवत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने त्यांचा प्राण घेतला. एकाच साथीला भिडण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. एकीला व्यापाराची काळजी होती, दुसरीला महारवाड्यातल्या एका पोराची.

आजही तीच मोजपट्टी चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळे होती. ४८ तासांचा आकडा ३१ वर गेला. देशभरचे कॅमेरे नांदेडला आले. त्यानंतर एका खासदाराने काय केले, तर रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. त्यावर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. औषधे, परिचारिका आणि खाटांचा प्रश्न होता आणि उत्तर म्हणून झाडू आला. तोही कुणाच्या हातात द्यायचा हे या समाजाला न सांगता कळते. चार दिवसांनी कॅमेरे परत गेले.

दोन दिवसांत ३१ माणसे गेली तर निदान चार दिवस बातमी होते. पण हजारो माणसांचे पाय वीस-वीस वर्षे सुजत गेले, तर एका दिवसाचीही होत नाही. हत्तीरोग सहसा मारत नाही, तो फक्त जगणे काढून घेतो. या देशात गरिबाचे जगणे गेले तर नोंद होत नाही.

नारू कसा गेला?

आता काही विद्वान म्हणतील की परजीवी आजार फार चिवट असतात, वेळ लागतोच. त्यांना आम्ही नारूची आठवण करून देतो.

मराठवाड्यातल्या साठी-सत्तरीच्या माणसाला विचारा, नारू म्हणजे काय ते तो सांगेल. पायावर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. हातभर, कधी दोन हात लांब. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडायचा. ऐन पेरणीच्या, काढणीच्या दिवसांत माणूस आठवडेच्या आठवडे बाजेवर पडायचा. हा जंत पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यातून पोटात जायचा. पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत उतरून पाणी भरताना नारूचा रोगी पाय बुडवायचा, जंताची पिल्ले पाण्यात सुटायची आणि तेच पाणी गाव प्यायचा. वर्षभराने गावात पुन्हा नारू.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारताने नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

लक्षात घ्या, नारूवर ना लस होती, ना गोळी. आजही नाही. नारू गेला तो पाण्यामुळे. हातपंप बसले, पायऱ्यांच्या विहिरींचा वापर बंद झाला, पाण्यात औषध टाकले गेले, पाणी फडक्याने गाळून प्यायची सवय लागली, गावोगाव रुग्ण शोधून त्याला पाण्यात उतरण्यापासून थांबवले गेले. औषध नसलेला परजीवी पंधरा-सोळा वर्षांत संपला आणि औषध असलेला परजीवी सत्तर वर्षांत संपला नाही. याचा अर्थ एवढाच की परजीवी औषधाने संपत नाही, तो ज्या पाण्यावर पोसला जातो ते पाणी बदलल्याने संपतो. नारूच्या वेळी सरकारने पाण्याला हात घातला. हत्तीरोगाच्या वेळी सरकार फक्त गोळी वाटते आणि नालीकडे बघत नाही.

का बघत नाही? पिण्याचे पाणी अख्ख्या गावाचे असते. बारवेतला नारू पाटलाच्या पायातूनही निघायचा, कुलकर्ण्याच्याही. सांडपाण्याचे तसे नसते. ते घरातून बाहेर पडले की घरमालकाची जबाबदारी संपते. गावचे सांडपाणी उताराने वाहत जाते आणि उताराच्या टोकाला कोणाची वस्ती आहे हे आम्ही सांगायची गरज नाही. शहरातही तेच. मोठ्या कॉलनीची गटारे जमिनीखालून जातात आणि झोपडपट्टीजवळ येऊन उघडी होतात.

शुद्धी आणि स्वच्छता

इथे महाडची आठवण होणे अटळ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळे बाटले म्हणून १०८ घागरी पाणी काढले आणि दूध, दही, शेण, गोमूत्र तळ्यात ओतून त्याची शुद्धी केली. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे मानणारी ही संस्कृती आहे. तिला शुद्धी कळते, स्वच्छता कळत नाही. शुद्धी म्हणजे आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात लोटणे आणि वर त्यालाच घाणेरडा म्हणणे. स्वच्छता म्हणजे घाणीची सर्वांनी मिळून विल्हेवाट लावणे. हा देश हजारो वर्षे शुद्धीत गुंतून राहिला, म्हणून इथे देवघर चकचकीत आणि नाली तुंबलेली दिसते.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जगातल्या फार थोड्या संविधानांत विहिरीचे नाव असेल. आणि अनुच्छेद ४७ सांगतो की सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. पिण्याच्या पाण्याची लढाई आपण कायद्यात जिंकली. सांडपाण्याची लढाई अजून सुरूच झालेली नाही.

आम्ही असे म्हणत नाही की हत्तीरोग फक्त दलितांना होतो. डास चावताना जात विचारत नाही, हे आम्हालाही कळते. पण नाली बांधताना ग्रामपंचायत जात विचारते आणि डास नालीत जन्मतो. ज्याला हे पटत नाही त्याने आपल्या गावात एक फेरी मारावी. कुठल्या आळीत सिमेंटची बंद नाली आहे, कुठल्या आळीत उघडी आहे, आणि ती उघडी नाली शेवटी कुणाच्या दारात जाऊन थांबते, एवढेच बघावे. बौद्ध, मातंग, भटके-विमुक्त, गरीब मुस्लिम यांच्या वस्त्या या शोधात त्याला आपोआप सापडतील.

पैसा नाही, हे कारण तर कोणी सांगूच नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना, जिला सगळे दलित वस्ती सुधार योजना म्हणतात, ती नेमकी यासाठीच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने तर ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के वाटा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. तरीही आम्ही वस्त्यांत काय पाहतो? पेव्हर ब्लॉक, कमान, हायमास्ट दिवा. नाली झालीच तर पन्नास फुटांची, जिला उतार नाही आणि पुढे जोड नाही. बिल निघते, पाणी तिथेच तुंबते आणि डासांना सरकारी खर्चाने पक्के घर मिळते.

गोळ्या कोण खात नाही, आणि का?

आरोग्य खात्याचे म्हणणे असते की लोक गोळ्या खात नाहीत. सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या, काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिन, वर्षातून एकदा घरोघर दिल्या जातात. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसे सोडून सगळ्यांनी त्या घ्यायच्या असतात, त्याही कर्मचाऱ्यासमोर. पुरेशा लोकांनी काही वर्षे सलग घेतल्या तर रक्तातली पिल्ले संपतात आणि डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. हे शास्त्र पक्के आहे. आम्ही गोळीच्या विरोधात नाही. उलट आमचे सांगणे आहे की प्रत्येकाने ही गोळी घ्यावी, व्हॉट्सअॅपवरच्या अफवांना भुलू नये. गोळीनंतर थोडा ताप किंवा चक्कर आली, तर बहुधा ती रक्तातले जंत मरत असल्याची खूण असते.

पण लोक गोळी खात नाहीत, एवढे म्हणून खात्याची सुटका होत नाही. गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते. आशाताई सकाळी दारात येते तेव्हा मजुराच्या पोटात चहाशिवाय काही नसते. ताप आला तर उद्याचा रोज बुडेल, ही भीती अडाणीपणाची नाही, ती हिशेबाची आहे. आणि ज्या आशाताईंच्या जिवावर ही मोहीम चालते, त्यांना स्वतःच्या मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागते.

त्याहून मोठी गोष्ट आहे वेळेची. या मोहिमेच्या देशभर दोन फेऱ्या ठरल्या आहेत, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. कुठल्या जिल्ह्याला कुठली फेरी, हे खाते ठरवते. फेब्रुवारीत मराठवाड्यातला मजूर कुठे असतो? कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट या भागांतल्या कित्येक वस्त्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेऊन कोयता पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातो. काही कुटुंबे वीटभट्टीवर, काही हैदराबाद-पुण्याच्या बांधकामांवर. दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी. आशाताई वहीत काय लिहिणार? घर बंद. आणि तिकडे उसाच्या फडाजवळच्या कोपीत हा माणूस त्या जिल्ह्याच्या यादीत नाही. दोन जिल्ह्यांच्या यादीतून तो वगळला गेला, पण त्याच्या रक्तातला जंत कुठूनही वगळला गेलेला नाही.

पुढचा धोका याहून गंभीर आहे. औषधाच्या फेऱ्या थांबवल्यानंतर आजार खरोखर थांबला का, हे पाहण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी होते. अनेक ठिकाणी ती शाळेत होते. ऊसतोड मजुराचे सहा वर्षांचे पोर हंगामात शाळेत असते का? ते आईबापासोबत फडावर असते. म्हणजे ज्या मुलांना लागण होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तीच मुले तपासणीतून सुटतात आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या रक्तावर जिल्हा पास होतो. शिवाय सरकारी भाषेत निर्मूलन म्हणजे शून्य नव्हे, ठरावीक टक्केवारीच्या खाली येणे. सरासरीत वस्ती बुडून जाते.

आता कल्पना करा. २०२७ उजाडले, घोषणा झाली, फलक लागले, सत्कार झाले. मग हत्तीरोग पथकांची पदे रद्द होतील, रात्र चिकित्सालये बंद होतील, कारण आजारच उरला नाही म्हणे. वस्तीतल्या काही रक्तांत जंत शिल्लक, नाली तशीच उघडी, डास तसेच. पाच-दहा वर्षांनी हा आजार पुन्हा डोके वर काढेल, तेव्हा त्याला ओळखणारा कर्मचारीही उरलेला नसेल. भविष्यातली परजीवी साथ पाहायची असेल तर ती अशी येईल. तिला जंगल लागणार नाही आणि प्रयोगशाळाही लागणार नाही. एक खोटा अहवाल आणि एक तुंबलेली नाली पुरेशी आहे.

ज्यांचे पाय सुजले आहेत त्यांचे काय?

गोळीने पुढची लागण थांबते. पण सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. त्यावर उपाय साधा आहे. पाय रोज साबण-पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, बोटांच्या बेचक्यांतल्या जखमांना मलम लावायचे, व्यायाम करायचा, झोपताना पाय उंच ठेवायचा. एवढे नियमित केले तर ताप आणि वेदनेचे झटके कमी होतात, माणूस कामाला उभा राहतो. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे.

पण रोज पाय धुवायला रोज पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली गेली होती. त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हत्तीपायाची म्हातारी किती वेळ उभी राहिली असेल? आणि मिळालेल्या दोन घागरींतले पाणी तिने नातवाला पाजले असेल की पायावर ओतले असेल? मराठवाड्यात पाण्याचा दुष्काळ आणि सांडपाण्याचा सुकाळ एकाच वस्तीत, एकाच वेळी असतो. ही निसर्गाची करणी नाही.

काही लोक अजूनही म्हणतात, मागच्या जन्मीचे पाप आहे, देवीचा कोप आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत साफ नाकारला, कारण तो राज्याला आणि समाजाला गरिबाच्या दुःखाच्या जबाबदारीतून मोकळे करतो. पायात जंत आहे, पाप नाही. आणि तो जंत ज्या नालीतून आला तिचे टेंडर याच जन्मी निघाले होते. तथागतांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून नीट निजवले आणि संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. ज्यांच्या धम्मात ही शिकवण आहे त्यांना हत्तीपायाच्या माणसाची किळस वाटता कामा नये.

आपण काय मागायचे?

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, नांदेड आणि लातूरच्या रात्रीच्या रक्त तपासणीचे, हत्तीपायाच्या आणि अंडवृद्धीच्या रुग्णांचे आकडे वस्तीनिहाय आणि सामाजिक गटनिहाय जाहीर करा. मोजल्याशिवाय न्याय होत नाही. दुसरी, स्थलांतरित मजुराला गोळी तो जिथे असेल तिथे द्या, फडावर, भट्टीवर, बांधकामावर, आणि तिची नोंद त्याच्या गावात पोचू द्या. मुलांची तपासणी ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर करा. तिसरी, दलित वस्तीच्या निधीतून पहिले काम बंद नालीचे, तेही शेवटपर्यंत जोडलेल्या नालीचे. ते झाल्याशिवाय कमानीला एक रुपया नको. चौथी, अंडवृद्धीची शस्त्रक्रिया ग्रामीण रुग्णालयात मोफत, आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी भरून द्या. पाचवी, २०२७ ची घोषणा काहीही होवो, हत्तीरोग पथके आणि रात्र चिकित्सालये बंद करू नका.

आणि एक काम आपल्या हातातले. १४ एप्रिलपर्यंत बहुतेक टोळ्या कारखान्यांवरून परतलेल्या असतात. वर्षातल्या ज्या काही दिवसांत अख्खी वस्ती घरी असते, त्यांतले हे दिवस. रात्री उशिरापर्यंत विहारात माणसे जमलेली असतात. हत्तीरोगाची तपासणीही रात्रीच करायची असते. मग प्रत्येक जयंती मंडळाने जिल्हा हिवताप अधिकाऱ्याला महिनाभर आधी पत्र द्यावे की जयंतीच्या आठवड्यात आमच्या विहारात रात्रीच्या रक्त तपासणीचे पथक पाठवा. पत्राची पोच घ्यावी. पथक आले तर व्याख्यानाआधी अर्धा तास सगळ्यांनी बोटाचे थेंबभर रक्त द्यावे. आले नाही तर त्या पोचेची प्रत घेऊन जिल्हा परिषदेवर जावे. त्याच आठवड्यात मंडळाच्या पोरांनी वस्तीतल्या नालीचा नकाशा काढावा, ती कुठून येते, कुठे तुंबते, कुठे संपते, आणि तो ग्रामसभेत ठेवावा. या कामाला डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याइतकाही खर्च येत नाही.

चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मागितला. आता आपल्या दारात तुंबलेल्या दुसऱ्याच्या सांडपाण्याचा हिशेब मागायचा आहे. जयंतीला अजून वेळ आहे. पत्र आजच लिहा.

जय भीम! जय संविधान!